गौतमीनं सोडलेला पाय

चांदे गावची शुभांगी बेचाळीस वर्षांची. तिच्या चढाईला अख्खा मुळशी तालुका टरकायचा. दोन वर्षं गावातले शहाणे "आता कबड्डी पुरे" म्हणून तिचं डोकं खात होते. तिचं उत्तर एकच, "ज्या दिवशी कुणी कीव करून माझा पाय सोडंल, त्या दिवशी थांबीन."

यंदा जत्रेत मारुंजीशी सामना होता. पंच मीच. मारुंजीकडून तिची भाची गौतमी खेळत होती, तिनंच शिकवलेली. शुभांगी चढाईला गेली आणि गौतमीनं तिचा घोटा धरला. पण आत्याचा दुखरा गुडघा मुरगळताना पाहून तिनं हात सोडला. शुभांगी गुण घेऊन परतली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

शुभांगी मात्र पेटली. "गौतमे, पाय का सोडलास?"

"आत्या, गुडघा..."

"गुडघा माझा हाय! बोलल्यापरमानं आता ही माझी शेवटची चढाई. सोडलंस तर घरात घेनार न्हाई."

पुढच्या चढाईत गौतमीनं तिला असं आडवं केलं, की मैदानभर धुरळा उडाला. मी शिट्टी वाजवली. शुभांगी पडल्या पडल्या हसत होती. उठून तिनं गुडघ्याचा पट्टा काढला, भाचीची कॉलर धरली आणि म्हणाली,

"उद्या सकाळी सहाला मैदानावर ये. ह्या पकडीतनं सुटायचं कसं, ते तुला अजून शिकवलंच न्हाई."