चाचणीचा माणूस

पोलीस ठाण्यात त्याला सगळे अल्बम म्हणत. हवालदार म्हणून हाक मारली तर तो पहिल्यांदा वळायचाही नाही, इतकं ते नाव अंगाला चिकटलं होतं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत एकदा पाहिलेला चेहरा तो विसरला, असं कधी झालं नव्हतं. दहा वर्षांपूर्वी सायकल चोरताना सापडलेला माणूस टक्कल पडून, पोट सुटून, दोन पोरांचा बाप होऊन बाजारात भाजी घेत उभा असला, तरी अल्बम लांबूनच विचारायचा, “काय, सायकली सुटल्या ना?” आणि तो माणूस भाजी तिथेच ठेवून काढता पाय घ्यायचा. बाकीचे गुण यथातथाच. टाइप करायला दोन बोटं, धावायला गुडघे नाहीत, आणि साहेबांपुढे बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. हा शेवटचा अवगुण पुढे फार महागात पडला, म्हणून आधीच सांगून ठेवलेला बरा.

घरात बायको होती आणि दोन गल्ल्या सोडून धाकटा भाऊ राहायचा. वडील गेले तेव्हा धाकटा सहा वर्षांचा आणि अल्बम सोळाचा. धाकट्याला शाळेत पोचवणं, त्याची नखं कापणं, त्याच्या मास्तरांची बोलणी खाणं, सगळं यानेच केलं. पुढे धाकटा लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला आणि चांगलाच तयार झाला. दवाखाने, कचेऱ्या, बारा मजली इमारती, जिथे लिफ्ट अडकली तिथे त्याला बोलावणं यायचं. अनोळखी लोकांच्या इमारतीत बेधडक शिरायचं आणि त्यांनी विश्वास ठेवायचा, असं ते काम. त्याची पत चोख होती. अल्बमला स्वतःच्या वर्दीवरच्या फितीपेक्षा धाकट्याच्या निळ्या गणवेशाचा जास्त अभिमान वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी चौकाचौकात कॅमेरे बसले. रस्त्यावरून जाणाऱ्याचा चेहरा पाहून तो पाहिजे असलेल्या आरोपींच्या यादीतल्या फोटोशी जुळतो का, हे मशीन सांगणार होतं. ठाण्यातले पोरगेलेसे शिपाई म्हणाले, “अल्बम, आता तुमची सुट्टी.” त्यानेही हसून घेतलं. आतून मात्र त्याला लागलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी अकराला पाहुणे येणार होते आणि साडेदहाला साहेबांच्या लक्षात आलं की मशीनने ओळखायला कोणीतरी आरोपी हवा. खरे आरोपी काही साडेदहाला बोलावून मिळत नाहीत. कंपनीकडून आलेली मुलगी म्हणाली की चाचणीसाठी वेगळी यादी असते, पण ती अजून तयार केलेली नाही, दोन दिवस लागतील. साहेबांना दोन दिवस नव्हते, अर्धा तास होता. त्यांनी अल्बमकडे पाहिलं. अल्बमने भावाला फोन केला, कारण भाऊ शेजारच्याच इमारतीत लिफ्टला तेल घालत होता. तो हात पुसत आला, फोटो काढला, आणि अल्बमने आपल्या दोन बोटांनी त्याची नोंद खऱ्याच यादीत केली. गुन्ह्याचा रकाना रिकामा सोडता येईना. लहानपणी धाकटा कुलूप लावलेल्या कपाटातून बिस्किटं पळवायचा, म्हणून गमतीने याने ‘घरफोडी’ निवडलं. गुन्हा क्रमांकही हवाच होता. तिथे त्याने स्वतःचा बकल नंबर, म्हणजे पट्ट्यावरचा क्रमांक, टाकला.

धाकटा कॅमेऱ्यासमोरून चालत गेला, मशीन टिंग वाजलं, पडद्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती लाल चौकोन आला आणि टाळ्या पडल्या. धाकट्याने पाहुण्यांना वाकून नमस्कारसुद्धा केला. चहा झाला, पाहुणे गेले. नोंद काढायची होती, हे अल्बमच्या लक्षात होतं. पण दुपारी चोरीचा तपास आला, दुसऱ्या दिवशी बंदोबस्त आला, आणि मग ते राहूनच गेलं. माणसांचे चेहरे न विसरणारा माणूस एवढंच विसरला.

ठाण्यातले सगळे धाकट्याला ओळखत, म्हणून तोवर काही बिघडलं नाही. चार महिन्यांनी सगळ्या ठाण्यांच्या, शहरांच्या याद्या एकत्र झाल्या आणि धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्यांदा त्याला बस स्थानकात धरलं. अल्बम धावतपळत त्या भागातल्या ठाण्यात पोचला. तिथला फौजदार तसा सज्जन होता. त्याने बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, “तुम्ही यांचे कोण?”

“सख्खा भाऊ. साहेब, मी सांगतो ना, हा चोर नाही. मी याला ओळखतो.”

“तुम्ही भाऊ, म्हणून तर तुमचं चालत नाही,” फौजदार म्हणाला. गुन्ह्याचे कागद सापडत नव्हते म्हणून अटक करता येत नव्हती, पण कोणीतरी ओळख पटवून सही केल्याशिवाय सोडताही येत नव्हतं; आणि ओळख पटवणारा नातेवाईक नसावा, असा नियम त्याने पडद्यावर दाखवला. शेवटी धाकट्याच्या कंपनीतला मुकादम येऊन सही करेपर्यंत तीन तास गेले.

अल्बमने दुसऱ्याच दिवशी नोंद काढून टाकली. पुढच्या सकाळी पाहिली तर ती परत तिथेच. आता यादी मुख्यालयातून यायची, रोज सकाळी ताजी, आणि ठाण्यात पुसलेलं तिथे कोणाला कळायचं नाही. त्याने पंधरा दिवस रोज पुसली. रोज ती हजर. मग त्याने अर्ज केला. अर्जाच्या नमुन्यात एकच प्रकारची तक्रार बसत होती: मशीनने मला दुसराच कोणी समजून पकडलं. हाच तर घोळ होता. मशीन चुकत नव्हतं. यादीतला फोटो धाकट्याचाच होता आणि रस्त्यावरचा माणूसही धाकटाच होता. महिन्याभराने उत्तर आलं की पडताळणी केली, जुळणी बरोबर आहे, तक्रार निकाली.

दुसरा मार्ग होता गुन्हाच मिटवण्याचा. त्यासाठी गुन्ह्याचे कागद लागत. अल्बमच्या बकल नंबरचा गुन्हा कुठल्याच दप्तरात नव्हता, आणि कागद सापडत नाहीत तोवर तपास प्रलंबित. त्याने साहेबांना सांगितलं की ही माझी चूक आहे, तसं मी लिहून देतो. साहेबांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, तसं लिहिलं तर उद्घाटनाला आपण खोटा आरोपी दाखवला असं होईल, तुझी पेन्शन जाईल आणि माझीही अडकेल. अल्बम मान खाली घालून बाहेर आला. पेन्शनची त्याला तेवढी पर्वा नव्हती असं तो पुढे बायकोला म्हणाला, पण त्या वेळी साहेबांपुढे तोंडातून शब्द फुटला नाही, हेही खरंच.

धाकट्याला दोन वर्षांत एकोणीस वेळा धरलं. बाजारात, बँकेच्या दारात, मुलीच्या शाळेबाहेर. तो एकदा वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला. संशोधकांनी अशी मशीनं तपासली होती आणि त्यांच्या चुकांवर मोठा अहवाल लिहिला होता. अल्बमने ते साहेबांना दाखवलं. साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, ते दुसऱ्या कंपनीचं मशीन.

मग दवाखान्यातली गोष्ट झाली. लिफ्टमध्ये रुग्णाची खाट अडकली होती, धाकटा हत्यारांची पिशवी घेऊन धावत आत शिरला, आणि दारातल्या कॅमेऱ्याने टिंग केलं. सगळ्यांच्या देखत त्याच्या पिशवीतले पाने जमिनीवर ओतले. घरफोडीच्या आरोपीजवळ पाने, पक्कड आणि कुलूप उघडायची किल्ली, आता यावर कोण काय बोलणार? त्याच्या कंपनीने त्याला गोदामात बसवलं आणि सांगितलं की पोलिसांकडून निर्दोष असल्याचं पत्र आण, महिनाअखेर नाही आणलंस तर आमचा नाइलाज आहे. धाकटा अल्बमच्या घरी यायचा बंद झाला. वाटेत चौक लागायचा. बायको म्हणाली, “अहो, भाऊजी आता घराबाहेरच पडत नाहीत. तुम्ही पोलीस ना? मग काढा ना त्यांना यातून.” अल्बम ताटावरून उठला.

महिना संपायला चार दिवस उरले असताना साहेबांनी त्याला बोलावलं. मशीन नवीन झालं होतं, आणखी हुशार. मुख्यालयातून मोठे साहेब पाहायला येणार होते. साहेब नजर चुकवत म्हणाले, “खात्रीने वाजेल असा एकच चेहरा आपल्याकडे आहे. बोलाव त्याला. मी मोठ्या साहेबांना समक्ष सांगतो, तिथल्या तिथे नाव काढून घेऊ.”

अल्बमला वाटलं, देवच पावला. त्याने स्वतः जाऊन धाकट्याला समजावलं. धाकटा भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. त्याने एवढंच विचारलं, “दादा, नक्की ना?” अल्बम म्हणाला, “माझ्यावर विश्वास ठेव.” अर्ज त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून काढला. धाकट्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, अर्ज वरच्या खिशात ठेवला आणि ठरल्या वेळी कॅमेऱ्यासमोरून चालत आला.

मशीन वाजलं. दारावर दोन नवीन शिपाई होते, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी शिकवल्याप्रमाणे धाकट्याचे दंड धरले. धाकट्याने हातसुद्धा सोडवून घेतला नाही. इतक्या वेळा धरल्यावर अंगालाही सवय होते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अल्बमचेही हात वर आले होते, ते त्याने खाली घेतले.

साहेबांनी शब्द पाळला. अर्ज मोठ्या साहेबांपुढे ठेवला आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. मोठे साहेब मुळीच रागावले नाहीत. उलट त्यांनी कंपनीच्या मुलीला बोलावलं. तीच मुलगी, आता हुद्दा वाढलेली. तिने सांगितलं की मशीनची प्रत्येक नवी आवृत्ती याच नोंदीवर तपासली जाते. एवढ्या ठिकाणी, एवढ्या वेळा, दाढीसह आणि दाढीशिवाय बरोबर जुळलेला दुसरा चेहरा नाही. ही नोंद काढली तर दोन वर्षांचं काम मुळापासून करावं लागेल. मोठ्या साहेबांनी समजून मान हलवली, पेन काढलं आणि अर्जावर लिहिलं. मग अल्बमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमच्या भावाचे खात्यावर उपकार आहेत.”

अल्बमने तेव्हा बोलायला हवं होतं. साहेब, नोकरी घ्या, पेन्शन घ्या, पण माझ्या भावाचं नाव सोडा, असं म्हणायला हवं होतं. वाक्य पुरतं तयार होतं. त्याने टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला.

गाड्या गेल्या. धाकटा आतल्या बाकावर बसून होता. एकदा मशीन वाजलं की कागद पुरा झाल्याशिवाय सोडता येत नाही, मग चाचणी असो की काही असो. तो म्हणाला, “दादा, झालं का? काय लिहिलंय?”

अल्बमने अर्ज पुढे धरला. धाकट्याने तो वाचला: नोंद कायम ठेवावी, चाचणीसाठी उपयुक्त. त्याने आणखी एकदा वाचला, घडी घातली आणि वरच्या खिशात परत ठेवला. तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर अल्बमला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “तू तरी काय करणार, दादा.”

ठाणे अंमलदाराने सुटकेचा कागद आणून अल्बमपुढे ठेवला. नाव, वय, पत्ता, डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण. ती जखम कपाटाच्या दाराची होती आणि त्यावर हळद अल्बमनेच दाबली होती. सगळे रकाने त्याने न विचारता भरले. शेवटचा रकाना आला, ‘ओळख पटवणाऱ्याची सही’, तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. गोदामातल्या मुकादमाला फोन केला, तो म्हणाला की तासाभरात निघतो. मग अल्बम बाकावर भावाच्या शेजारी जाऊन बसला, आणि धाकट्याला ओळखणारं कोणीतरी येण्याची दोघं वाट पाहू लागले.