येऊन राहिली

माझ्या हाताला एक खोड आहे. काही वाकडं दिसलं की तो सरळ करायला जातो. भिंतीवरचं कॅलेंडर, पोराची कॉलर, दुसऱ्याचं वाक्य, काहीही. आई म्हणायची, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला तेव्हा ते टोमणे वाटायचे. याच हातानं मी एकदा गोंदिया जिल्ह्यात, सालेकशाकडच्या शाळेत एक गोटा उचलून दुसरीकडे ठेवला. लिंबाएवढा, तांबूस, नाल्यातला गुळगुळीत गोटा. त्याला बरीच वर्षं झाली, पण अजूनही वर्गात शिरताना माझी नजर आधी फरशीकडे जाते.

मी सांगलीकडचा. पहिलीच नेमणूक या टोकाला झाली तेव्हा घरच्यांनी नकाशात बोट ठेवून ठेवून शोधलं होतं. दोन खोल्यांची, दोन शिक्षकांची शाळा. माझ्याकडे पहिली-दुसरीची एकोणीस पोरं. मागं जंगल, समोर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्या पलीकडे रेल्वेचं फाटक. मालगाडी गेली की पाटी हातात असलेल्या पोराची पाटीसुद्धा थरथरायची.

जूनमधल्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं की लहान मुलाला आधी त्याची माणसं आणि त्याच्या जागा कळू द्याव्यात, मग जिल्हा आणि राज्य. बाकीच्यांनी कागदावर चौकटी काढून घेतल्या असतील. मी नव्याचा नऊ दिवसांचा गडी. मी ऑइल पेंटचे डबे आणले आणि वर्गाच्या फरशीवर सगळं गावच रंगवून काढलं. नाला, शाळा, मोहाची झाडं, टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची घरं आणि फाटकापासून घरांपर्यंत येणारा तांबडा रस्ता. पोरं गुडघ्यांवर बसून मला चुका दाखवत होती. तो मोह तिथं नाही, त्या घराचं दार इकडून आहे, विहीर विसरलात. इतकी बडबडी झालेली ती मी कधी पाहिली नव्हती.

मग प्रत्येकानं नाल्यातून गोटे आणायचे, आपल्या एकेका माणसासाठी एकेक, आणि ते माणूस जिथं असतं तिथं ठेवायचे, असं ठरलं. पोरांनी बैल आणले, कुत्रे आणले, एकानं तर आजोबांच्या खाटेसाठीसुद्धा गोटा आणला. रोज सकाळी पहिला अर्धा तास हाच खेळ. कोण कुठे आहे, तिथं काय करतं, तुला तिथं जायला आवडतं का. पोरं बोलायची आणि मी फुगायचो.

पहिलीत एक मुलगी होती. सहा वर्षांची, घरी गोंडी बोलणारी, शाळेत मोजकं बोलणारी. तिचे तीन गोटे होते. बाबांचा गोटा बांधीत. मोठमायचा, म्हणजे मोठ्या काकूचा, घरात. आणि तो तांबूस गोटा, आईचा, घरात नाही, बांधीत नाही, तर रस्त्यावर, अगदी फाटकाजवळ. मला एवढंच माहीत होतं की तिचे आईबाप दरवर्षी जानेवारीत तेलंगणात मिरची तोडायला जातात. बाप परत आलेला मी पाहिला होता, धानाच्या रोवणीत, लावणीत होता. आई दिसली नव्हती. मी विचारलं, आई कुठे आहे? ती म्हणाली, "माय येऊन राहिली."

मला बरं वाटलं. आमच्याकडे मावशी येऊन राहिली म्हणतात तेव्हा मावशी आलेली असते आणि चार दिवस मुक्काम ठोकून बसलेली असते. इथली माणसं 'करून राहिलो', 'खाऊन राहिलो' म्हणतात ते मला एव्हाना कळायला लागलं होतं. पण हे वाक्य मला माझ्याच घरातलं वाटलं आणि मी ते माझ्या घरच्यासारखंच ऐकलं.

नंतर लक्षात आलं की तांबूस गोटा जागेवर राहत नाही. सोमवारी फाटकाजवळ, मंगळवारी बोटभर अलीकडे, बुधवारी आणखी बोटभर. मला वाटलं पोरांच्या पायांनी सरकतोय. मी तो परत फाटकाजवळ ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुढं आलेला असायचा. एकदा सरकवताना तीच दिसली. गोट्यावर तर्जनी ठेवून, श्वास रोखून, बोटभर. मी रागावलो. म्हटलं, आई कुठे आहे ते एकदा नीट सांग. तिनं तेच सांगितलं, माय येऊन राहिली.

"आली ना? मग रस्त्यावर काय करतेय ती? घरात ठेव तिला," मी म्हणालो आणि गोटा उचलून तिच्या घराच्या चौकोनात ठेवला. चुलीच्या जागी.

वर्ग एकदम गप्प झाला. एकोणीस पोरं इतकी गप्प मी सुट्टीच्या दिवशीही ऐकली नव्हती. मला वाटलं माझ्या आवाजाला घाबरली. ती मुलगी आधी गोट्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर जे आलं त्याला आनंद म्हणतात, आणि ते तसं माझ्यामुळे आलं याचा मला अभिमान वाटला. हे लिहिताना मला माझी लाज वाटते. मधली सुट्टी होताच ती खिचडीची ताटली तशीच टाकून घराकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शाळा सुटल्यावर मला गोंदियाला जायचं होतं म्हणून आमगावला स्टेशनवर आलो. फलाटावरच्या चहावाल्याला विचारलं, गाडी गेली का? तो म्हणाला, "बसा गुर्जी, गाडी येऊन राहिली." मी पिशवी उचलून उठलो. रूळ रिकामे होते, दोन्ही बाजूंना. मी म्हटलं, कुठं आहे? चहावाला कप विसळताना हसला.

"येऊन राहिली म्हनून सांगतलं. आली म्हनून कुठी सांगतलं?"

म्हणजे येते आहे. वाटेत आहे. आलेली नाही.

मी त्या बाकावर तसाच बसलो. फाटकाजवळचा गोटा आठवला, आणि त्यावरचं ते बोट. ती पोर दोन आठवडे आईला रोज बोटभर घराकडे आणत होती आणि मी रोज तिला मागं नेऊन ठेवत होतो. मग एका दिवशी उचलून थेट घरात. गाडी आली, मी चढलो, पण त्या दिवशी गोंदियात कशासाठी गेलो होतो ते आज आठवत नाही.

सोमवारी ती शाळेत आली नाही. तिच्याऐवजी मोठमाय आली. उंच, हाडापेरानं दणकट बाई, पदर खोचलेला, पायांना बांधीतला चिखल. ती दारातच उभी राहिली. मी खुर्ची पुढं केली, तिनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तिची माय मेली, गुर्जी. मिरचीतच. तापानं," ती म्हणाली. "तिकडंच मातीत घातलं."

ते होळीच्या आधीचं होतं. बाप एकटाच परत आला तेव्हा पोरगी फाटकावर उभी होती. माय कुठी, म्हणून तिनं विचारलं, आणि त्याच्या तोंडून निघालं की मागून येऊन राहिली. एकदा निघालं ते निघालं. मग घरानं तेच धरलं, घरानं धरलं ते टोल्यानं धरलं. शाळेतल्या पोरांनाही दटावून ठेवलं होतं. नव्या गुरुजींना सांगायचं मात्र कोणाला सुचलं नाही. सगळ्यांना वाटलं, सांगितलंच असेल कोणीतरी.

पण मोठमाय तेवढंच सांगायला आली नव्हती. त्यांच्यात मेलेलं माणूस कायमचं बाहेर ठेवत नाहीत. नातलग जमवून, विधी करून त्याला वाटेवरून परत घरात आणतात आणि आतल्या कोपऱ्यात घरच्या देवांजवळ बसवतात. तोवर ते बाहेरच असतं. हिला आणायचं होतं ते धान निघाल्यावर, चार माणसांना जेवू घालण्यासारखं घरात आलं की. म्हणजे पोरीनं फरशीवर ठेवला होता तो गोटा, काही माहीत नसताना, बरोबर जागी होता. आई खरंच रस्त्यावर होती.

आणि आता पोरगी घरात मायला शोधत होती. पहिल्या दिवशी धानाच्या कोठीच्या मागं, सरपणाच्या ढिगामागं पाहिलं. सापडली नाही तेव्हा तिनं ठरवलं की माय आहे पण दिसत नाही, कारण गुरुजी खोटं बोलत नाहीत. ती जेवायला पळसाची एक पत्रावळ जास्त मांडत होती. झोपताना आपल्या शेजारी जागा सोडत होती आणि त्या जागेशी बोलत होती. बाप दोन दिवसांपासून घरात झोपायला तयार नव्हता.

"आमी तिले बाहेर ठेवलं होतं. तुमी काऊन घरात आनलं?" मोठमायनं विचारलं.

मी म्हणालो, मला कळलं नाही. ती म्हणाली, "जिथून उचललं तिथं ठेवा. अन् पोरीले तुमीच सांगा. तुमचं आयकते ते." आणि रोवणी खोळंबली होती म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं पोरीला आणून सोडलं. बाकीच्या पोरांना मी मैदानात पाठवलं आणि आम्ही दोघं फरशीवर बसलो. सांगलीपासून इथपर्यंत मला कोणी कधी शिकवलं नव्हतं की हे कसं सांगतात. मी गोटा तिच्या घरातून उचलला, रस्त्यावर ठेवला, जिथं शेवटी तिचं बोट होतं तिथं. म्हणालो, मी चुकलो. तुझी माय आलेली नव्हती. मग म्हणालो, ती आता येणार नाही, ती तिकडेच आजारी पडून मेली.

ती रडली नाही. खिडकीतून फाटकाकडून येणारा खरा रस्ता दिसत होता, त्याच्याकडे ती बघत होती. मग तिनं विचारलं, "मंग येऊन कोन राहिली?"

माझी पाठ खिडकीकडे होती. मी मागं वळून पाहायला हवं होतं, तिथं कोणी नाही असं म्हणायला हवं होतं. मला ते जमलं नाही. मी आज चाळिशीकडे आलो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण तेव्हा मी वळलो नाही हे खरं आहे.

त्यानंतर मी त्या गोट्याला हात लावला नाही. तो रोज बोटभर पुढं येत राहिला. पोळा झाला, दसरा झाला, गोटा नाल्यापर्यंत, विहिरीपर्यंत आला. सकाळी कुलूप काढलं की मी आधी त्याचीच जागा बघायचो. दिवाळी होऊन धान निघालं आणि एका दिवशी गोटा फरशीवर नव्हता. दुपारी मला बोलावणं आलं. फाटकाकडून नातलग चालत येत होते, मध्ये बाप, आणि पुढं ती, ओंजळीत तांबूस गोटा धरून. दाराशी सगळे थांबले. आतून मोठमायनं विचारलं, कोन आलं? मोठी माणसं काही बोलायच्या आत पोरगी म्हणाली, "माय आली." बाप मातीत खाली बसला आणि हमसून रडायला लागला. होळीपासून तो रडला नव्हता असं मला कोणीतरी सांगितलं.

गोष्ट इथं संपली असती तर मला बरं झोपता आलं असतं. पण जानेवारी लागला आणि टोल्यावरची माणसं पुन्हा मिरचीला निघाली. त्या सकाळी बाबांचा गोटा बांधीतून निघून रस्त्यावर आला होता. मी आता शब्द शिकलो होतो. विचारलं, बाबा येऊन राहिले का? ती म्हणाली, "नाई गुर्जी. जाऊन राहिला."

रोज बोटभर तो फाटकाकडे सरकत गेला. पंधरा-वीस दिवसांनी तो फाटकावर पोचला. तिथं माझा रस्ता संपत होता, पुढं नुसती फरशी होती. ती गोट्यावर बोट ठेवून बसली होती आणि सरकवत नव्हती.

"गुर्जी, याच्या पुढं रस्ता नाई," ती म्हणाली. "हा कुठी जाईन?"

मी कपाटातून तांबड्या रंगाचा डबा काढला. वरची साय सुरीनं फोडली, गुडघ्यांवर बसलो आणि फाटकापासून पुढं रस्ता काढायला लागलो. ती शेजारी सरकत होती. भिंतीपाशी आलो तेव्हा तिनं विचारलं, तेलंगणा आला का? मी म्हटलं, अजून नाही. मग आम्ही रस्ता वळवला, उंबऱ्यावरून बाहेर ओट्यावर काढला, ओट्याच्या कडेपर्यंत नेला. तिनं सांगितलं, जरा रुंद काढा. त्याले वापस याले जागा पाहिजे. मी रुंद काढला.