लाव्हावरचे पापड

लाव्हाचे खडक आणि समुद्र दाखवणारी बॅकपॅकर्सची बस सुरतहून निघाली, आणि मला एकटीला पाठवायचं नाही म्हणून आईपण आली! आमच्या नवागामात गच्चीवर पॉवरलूमचा कापूस उडतो आणि वाळत घातलेल्या पापडांना चिकटतो, म्हणून तिने सॅकमध्ये ओले पापड आणलेले. काळा तापलेला खडक दिसताच तिने ते पसरले.

गाइड ओरडला, "मासी, चलो ने! सूरज डूबी जशे!"

"डुबू दे. पोरीच्या लग्नाचे पापड आहेत, ओले कसे उचलू?"

मला तर समुद्रावर सूर्यास्ताचा फोटो हवाच होता! मग मीच सगळ्यांच्या दोन्ही तळहातांवर एकेक पापड ठेवला आणि त्यांना बसमध्ये चढवलं.

"कोणी दुमडायचा नाही हं!" आई म्हणाली.

समुद्रावर पोचलो तेव्हा सूर्य मस्त बुडत होता, आणि मोबाईल काढायला कुणाचाच हात रिकामा नव्हता.