कान तुटलेला कप

माझी पोर चार वर्षांची. अंगणवाडीत लाल मणी एकीकडे, पिवळे एकीकडे करायला शिकली आणि घरातही तिला तोच नाद लागला. चमच्यांत चमचे, वाट्यांत वाट्या, चपलांचे जोड भिंतीला लावलेले. मी शेजारणींना बोलावून बोलावून दाखवायची. कौतुक किती करू नि किती नको, असं झालं होतं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझे बाबा तिला भेटायला आले. एसटीतून उतरले ते थेट आमच्या शेतात, बांधीत. बाया कमी पडल्या म्हणून धोतर खोचून धानाच्या रोपांचे पऱ्हे उपटायला लागले. सांगितलं होतं कोणी? पण जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत राबलेला माणूस, नुसतं उभं राहून बघणं त्यांना जमतच नाही. दुपारी मजूर बायांसोबत तेही गुडघाभर चिखलानिशी आमच्या घरापुढच्या सपरीत येऊन टेकले.

आमच्या सपरीच्या कोनाड्यात मजुरांचे कप पालथे घातलेले असतात. सासूबाईंनी ठेवले, मी राहू दिले. पाहुण्यांचे फुलाफुलांचे कप आत असतात. पोर म्हणाली, कप मी मांडते. चहाची किटली घेऊन मी बाहेर आले, तर बाबांसमोर कोनाड्यातला कान तुटलेला कप.

मी खेकसलेच तिच्यावर. आबाजीला हा कप देतात का?

“त्यायच्या पायाले चिखल हाये ना,” ती म्हणाली.

कोणी शिकवलं नव्हतं तिला. मण्यांसारखी माणसंही तिने बघून बघून वेगळी केली होती. बघून कोणाला? मलाच. खाण तशी माती, दुसरं काय! बाबांकडे बघायची हिंमत होईना. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

“कायले रागावून राहिली तिले?” बाबा म्हणाले. “चाय त एकच हाये ना.” आणि त्यांनी तोच कप पुढे केला.

चहा पिऊन ते उठले आणि बाकीच्यांसारखे टाक्याजवळ कप विसळायला बसले. मी धावले.

“ठेवा बाबा, मी धुते.”

त्यांच्या बाजूला, दर रोवणीला आमच्याकडे येणारी म्हातारी आपला कप विसळत होती. तिचा हात थांबला. माझ्याकडे तिने एकदा बघितलं. मग उठून कप कोनाड्यात पालथा घातला.

तो जरा वाकडा पडला होता. पोरीने टाचा उंचावून तो रांगेत सरळ केला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं.