पाइपात उरलेलं पाणी

सकाळी कापडाच्या गोदामाची आग विझली आणि आमचे जवान पाइप गुंडाळायच्या तयारीला लागले. त्याआधी पाइपात उरलेल्या पाण्याने तोंडं धुवायची, ही आमच्या दलातली जुनी रीत. शिंदेने पाइप उचलून धरला होता, बाकीचे ओंजळी पुढे करत होते.

"अरे, कानामागे बघ, अर्धं गोदाम घरी घेऊन चाललास!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले.

मी रस्त्यापलीकडे वॉकीटॉकी घेऊन उभा होतो. शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख मी. आत कोणी जायचं, बाहेर कधी यायचं, हे मी सांगतो. स्वतः मात्र आत जात नाही. या खुर्चीवर बसणाऱ्यांचा मी वर्षानुवर्षं हेवा केला. आता ती मिळाल्यावर या काजळलेल्या तोंडांचं हसणं बघून पोटात दुखतं. हेव्याला वर-खाली काही कळत नाही, त्याला फक्त दुसऱ्याचं ताट दिसतं.

न राहवून मी रस्ता ओलांडला आणि ओंजळ पुढे केली. हसणं थांबलं. शिंदेने घाईघाईने पाइप दुसरीकडे वळवला.

"साहेब, जरा मागे व्हा, कपडे भिजतील."

मी मागे झालो. ओंजळ कोरडीच होती, आणि तोंडावर धुण्यासारखं काही नव्हतंच.