इथं फ्री काही नाही

पुरुषाच्या रक्तात पुरुषपण किती आहे हे मोजायची सोय हिंजवडीत पहिल्यांदा कुणी आणली ते मला माहीत नाही. आमच्या कंपनीत ती एका संध्याकाळी कॅन्टीनशेजारच्या हॉलमध्ये आली. हेल्थ कॅम्प होता. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, आणि पुरुषांसाठी खास म्हणून टेस्टोस्टेरॉन. मी अमेरिकेच्या वेळेवर काम करायचो, म्हणजे दिवसा झोपायचं आणि इतरांची घरी जायची वेळ झाली की कामावर हजर व्हायचं. त्या दिवशीही नुकताच उठून आलो होतो. रांगेत उभ्या उभ्या सामोसे खाल्ले आणि तसाच दंड पुढे केला.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. बाकी सगळं साध्या अक्षरात आणि टेस्टोस्टेरॉन ठळक, शेजारी खाली तोंड केलेला बाण. तो बघून मला लाज वाटली, हे सरळच सांगतो. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. बायको पुण्याची, मी अमरावतीकडचा, वारज्यात फ्लॅट, आणि अधूनमधून मुक्कामाला माझी आई. मुलासाठी जे काही करायचं ते बायकोनं करायचं, असा घरात न बोलता ठरलेला कारभार होता. सोनोग्राफी तिची, गोळ्या तिच्या, सोमवारचे उपास तिचे. माझं रक्त कुणी मागितलंच नव्हतं.

कॅम्पवाल्यांचं स्वतःचं एक क्लिनिक होतं. त्यांनी फोन करून बोलावलं. टाय लावलेल्या एका तरुणानं मला गुबगुबीत खुर्चीत बसवून प्रश्न विचारले. थकवा येतो का, चिडचिड होते का, जेवणानंतर डुलकी लागते का, पूर्वीसारखा उत्साह वाटतो का. हे प्रश्न त्यानं हिंजवडीच्या चौकात उभं राहून विचारले असते, तर तुंबलेली सगळी वाहतूक हो म्हणाली असती. मीही हो म्हणालो. त्यानं लगेच इंजेक्शनांचा कोर्स सांगितला. मूल हवंय म्हटल्यावर तो म्हणाला, "सर, पॉवर वाढली की ते तर होणारच."

मला ते पटलं. त्या माणसाचा आजही राग येतो तो त्यामुळेच. गुपचूप सुया टोचून घ्यायच्या, मर्द होऊन घरी यायचं आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही, असा माझा बेत होता. बायकोपाशी मात्र तो टिकला नाही, त्याच रात्री तिला सांगून टाकलं. तिनं रिपोर्ट शांतपणे वाचला आणि म्हणाली, "एवढी वर्षं मी प्रत्येक गोळी डॉक्टरला विचारून घेतली. तूही विचारून घे."

म्हणून आम्ही शनिवार पेठेतल्या हॉर्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई जेवढ्यास तेवढं बोलणाऱ्या. रक्त कधी दिलं, उपाशीपोटी दिलं का, झोप झाली होती का, एवढंच त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. "मग यात टेस्टोस्टेरॉन कशाला शोधता?" त्या म्हणाल्या. "सामोसा शोधा."

नंतर मात्र त्यांनी नीट समजावलं. हे हॉर्मोन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. खाल्ल्यानं, जागरणानं, आजारपणानंही ते खाली येतं. म्हणून चांगली झोप झाल्यावर, सकाळी, उपाशीपोटी रक्त द्यायचं, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायचं. शिवाय कॅम्पनं मोजलं होतं ते एकूण. रक्तातलं बहुतेक हॉर्मोन प्रथिनांना चिकटून फिरतं, मोकळं असतं ते थोडंसंच, आणि त्याला फ्री म्हणतात. माझ्या पोटाकडे स्पष्ट बघत त्या म्हणाल्या की वजन वाढलं की हॉर्मोनला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन कमी होतं. मग एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळं पुरेसं असू शकतं. काही लॅब ते मोकळं थेट मोजून देतात, त्या आकड्यावर बाईंचा भरवसा नव्हता. एकूण हॉर्मोन आणि ती प्रथिनं मोजून आणा, मोकळं किती ते मी गणितानं काढते, असं त्यांनी सांगितलं.

मी इंजेक्शनांचं विचारलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "मूल हवंय ना? मग ते घ्यायचं नाही. बाहेरून हॉर्मोन मिळालं की शरीर आतलं काम थांबवतं. शुक्रजंतू शून्यावर जाऊ शकतात."

ज्या सुया मुलासाठी घ्यायला निघालो होतो, त्यांनीच उरलीसुरली आशा संपली असती. आणि नंतरही तपासण्या बायकोच्याच झाल्या असत्या. जिना उतरताना माझा दंड तिनं घट्ट धरला होता. त्या जिन्यातच मी ठरवलं की आता यातलं काहीही हळू आवाजात बोलायचं नाही.

सुरुवात ऑफिसपासून केली. तपासणीआधी काही आठवडे रात्रीची झोप हवी होती, म्हणून मी दिवसाची शिफ्ट मागितली. मॅनेजरनं सगळ्यांसमोर कारण विचारलं, मी सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानं घाईघाईनं पुढचा विषय काढला. पण शिफ्ट मिळाली, आणि चहाच्या टपरीवर एकेक जण बाजूला घेऊन बाईंचा पत्ता विचारू लागला.

मग लॅब. काउंटरवरच्या बाईंना मी चिठ्ठी द्यायच्या आधीच म्हणालो, फ्री टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त द्यायचंय. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "इथं फ्री काही नाही. पैसे आधी भरायचे."

बाकावरचे लोक हसले. एरवी मी चिठ्ठी सरकवून गप्प बसलो असतो. त्या दिवशी मोठ्यानं म्हणालो की बाई, फुकट नको आहे, माझ्या रक्तात पुरुषाचं हॉर्मोन मोकळं किती फिरतंय ते बघायचंय. हसू थांबलं. बाईंनी चिठ्ठी घेतली आणि प्रथमच माझ्याकडे पाहिलं.

एकूण आकडा दोन्ही वेळा काठावर आला आणि गणितानं काढलेलं मोकळं व्यवस्थित निघालं. पोट कमी करा आणि रात्री झोपा, एवढंच डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. पण त्यांनी वीर्यतपासणीही सांगितली होती. त्यात शुक्रजंतू फार कमी निघाले, पुन्हा केली तरी तेच. म्हणजे आवाज, मिशी, इच्छा सगळं जागच्या जागी, आणि अडचण तरीही माझ्याकडे. पुरुषपण आणि बाप होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आईला सांगितलं तर ती आधी दार लावून आली. म्हणाली, "घरातली गोष्ट घरातच राहू दे बापू. लोकायले कायले सांगतं?" सुनेचे रिपोर्ट तिनं साऱ्या अमरावतीला सांगितले होते. मी तिला तसं म्हणालोही. ती रडली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

पुढे मूल झालं का, असं लोक लगेच विचारतात. ते मी सांगणार नाही. ज्यांना फक्त तेवढंच हवं असतं, त्यांनीच माझ्या बायकोला एवढी वर्षं छळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाघोलीला माझ्या चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं. पुरुष बाहेर खुर्च्यांवर, बायका आत पाळण्याभोवती. पाळण्यात बाळाशेजारी ठेवलेला नारळ मूल नसलेल्या बाईच्या ओटीत घालायची आमच्याकडे रीत आहे. काकूनं नारळ उचलला आणि माझ्या बायकोला हाक मारली. "ये वो पोरी, पदर पसर. औंदा तुह्या घरी पाळणा हालू दे."

मी उठून आत गेलो, बायकांच्या मधोमध उभा राहिलो आणि माझ्या कुडत्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला.

"काकू, नारळ इकडे टाक. कमी माह्यात निघाली. तिच्यात काही नाही."

पाळण्याची दोरी थांबली. आईनं मान खाली घातली. काकूचा हात तसाच हवेत राहिला, तेव्हा बायको उठली, तिनं काकूच्या हातातून नारळ घेतला आणि माझ्या कुडत्यात घातला. चांगलाच जड होता. वारज्याला पोचेपर्यंत मी तो तिला धरू दिला नाही.