जुन्या पद्धतीचा कूलर

"ह्यो काढा अन् नवा बसवा. आजच्या आज!" मी हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आधीच झरीच्या बाबारावांनी निकाल देऊन टाकला.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. मुलगी सुमन आणि जावई धोंड्याच्या जेवणाला दुपारच्या एसटीने येणार होते. जावई औरंगाबादला कंपनीत इंजिनिअर. मागच्या उन्हाळ्यात उकाड्याने हैराण होऊन ते संध्याकाळच्याच गाडीने परत फिरले, आणि त्यांच्यामागे सुमनलाही जावं लागलं.

"आवंदा लेक दोन दिवस ऱ्हायला पायजे, मिस्त्री," बाबाराव म्हणाले. तेव्हा मला घाईचं कारण कळलं.

परभणीहून निघताना आमच्या दुकानाच्या शेठनीही बजावलं होतं, "गिऱ्हाईक नवा मागायलंय, उगी शहाणपणा करू नको." पण जित्याची खोड! कूलर उघडून बघितल्याशिवाय मला राहवत नाही.

कूलर ठेवायचा की बदलायचा, याच्या माझ्या परीक्षा साध्या. टाकीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचायचा. आरपार गेला तर राम म्हणायचं. मोटारीचा वास घ्यायचा. जळका आला तर वायंडिंग गेलं, म्हणजे आतल्या तांब्याच्या तारा. पंखा हाताने फिरवायचा. खरखरला तर बेअरिंग. हा गडी तिन्हीत पास. वाळा तेवढा बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी पांढरा कडक झाला होता. मी नवा वाळा बांधला, पंप साफ केला आणि बटण दाबलं.

दहा मिनिटांत माझा शर्ट अंगाला चिकटला. गारवा नावाला नाही! आता मात्र माझं तोंड बारीक झालं. खोलीभर नजर फिरवली. कूलर मागच्या खिडकीत होता, ते ठीक. पण समोरची खिडकी बंद, फटींना खळीने कागद चिकटवलेले, आणि दाराला पोतं.

"हे कुणी केलं?"

"जावईबापूंनीच सांगितलं व्हतं. तेंच्या हापिसात एशी हाय. गार हवा भाईर जाऊ द्यायची न्हाई म्हन्ले."

इथे घोडं पेंड खात होतं. एसी खोलीतलीच हवा गार करतो, म्हणून तिथे दार लावायचं. कूलर बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून आत ढकलतो. तिला पुढे जायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो. मी खिडकी उघडली, पोतं काढलं. थोड्याच वेळात वाळ्याच्या वासाची अशी झुळूक आली, की बाबारावांनी टोपी काढून डोकंच पुढे केलं.

"लय झ्याक! पर मिस्त्री, तेंचं चुकलं म्हनून जावईबापूंना कसं सांगावं? धोंड्याच्या दिवशी?"

तेवढ्यात मंडळी आलीच. पाय धुऊन जावई खोलीत शिरले आणि तडक खिडकी लावायला गेले. बाबारावांनी माझ्या पायावर पाय दिला.

"राहू द्या साहेब," मी म्हणालो, "हा जुन्या पद्धतीचा कूलर आहे. याला खिडकी उघडीच लागते."

"असं होय?" म्हणून ते कूलरसमोर बसले.

धोंड्यांच्या जेवणाला मलाही आग्रहाने बसवलं. ताटावरून उठून जावई जे आडवे झाले, ते संध्याकाळची गाडी आली तरी घोरतच होते. त्या गाडीने मी एकटाच निघालो. सुमन ओट्यावर उभी राहून हसत गाडीला टाटा करत होती, आणि बाबाराव उपरण्याने डोळे पुसत होते. मला इतका आनंद झाला, की शेठना काय सांगायचं याची काळजीही विसरलो.

चौथ्या दिवशी परतीच्या वाटेवर दोघं दुकानात आली. नवा कूलर खपणार म्हणून शेठ उठून उभे राहिले.

"मिस्त्री," जावई म्हणाले, "आमच्या घरचा कूलर बदलायचाच होता. खोली नुसती चिकट होते. पण आता वाटतं, तोही जुन्याच पद्धतीचा असेल का?"

सुमनने पदराआड हसू दाबलं. शेठनी डोळे वटारले.

"असेल, साहेब. आधी आठ दिवस खिडकी उघडून बघा."

त्यानंतर मी आयुष्यभर कूलरचंच काम केलं. नव्या पद्धतीचा कूलर अजून माझ्या बघण्यात आलेला नाही.